डोनाऊकाठचा तळ

रेगेन्सबुर्ग, जर्मनी
रविवार, ६ एप्रिल २०२५

आण्णा,

निघताना तुम्ही म्हणालात, "जायाचं तर जा, पर मला फोन करू नगं." मी फोन केलेला नाही. पत्राबद्दल तुम्ही काही म्हणाला नव्हतात, म्हणून लिहिते आहे. नमस्कार वरच्या कोऱ्या जागेत आहे असं समजा.

पानांचे फोटो मंगलवहिनींच्या मोबाइलवर येतील आणि त्या वाचून दाखवतील. वहिनी, आण्णा ज्या ओळीला उठून जातील तिथे खूण करून ठेवा. पुढच्या वेळी तेवढ्यात आटपेन.

मी नीट पोचले. गाव जुनं आहे आणि नदीच्या दोन्ही अंगांना पसरलेलं आहे. नदीला इथे डोनाऊ म्हणतात. शाळेच्या पुस्तकात ती डॅन्यूब होती. पाणी कृष्णेपेक्षा थंड आणि घाईत. पूल दगडी, जवळजवळ नऊशे वर्षांचा. त्यावर गाड्यांना बंदी आहे, माणसं आणि सायकली तेवढ्या जातात. मेंढरं नेली तर चालतील का, हे कुठे लिहिलेलं दिसलं नाही.

हॉटेल पुलाच्या पलीकडच्या टोकाला, एका गल्लीत. कंपनीने स्वस्तातलं बघून दिलं आहे. जिना अरुंद, लिफ्ट नाही, न्हाणीघर बाहेर, मजल्यावरच्या सगळ्यांत मिळून एक. खोलीत पलंग, कपाट, खुर्ची, हात धुवायचं बेसिन. पंखा नाही. खिडकी एकाच दांड्याने दोन प्रकारे उघडते: दारासारखी, नाहीतर वरून आत कलते. पहिल्या दिवशी मी दांडा मधेच थांबवला आणि सगळी खिडकी एका बिजागरीवर लोंबत माझ्या हातात आली. इंजिनिअर असल्याचं मी कुणाला सांगितलं नव्हतं हे बरं झालं.

मालकीण लिंडनरबाई, आईच्या वयाच्या. बाहेर जाताना किल्ली त्यांच्या काउंटरवर ठेवायची. किल्लीला पितळेचा एवढा जड गोळा लावला आहे की ती विसरून खिशात नेता येत नाही. सकाळचा नाश्ता भाड्यात धरलेला असतो: पाव, चीज, आणि उकडलेलं अंडं एका छोट्या कपात उभं. चमच्याने डोकं फोडून खायचं असतं. मी हाताने सोलून खाल्लं. कुणी काही म्हणालं नाही.

काम तुम्हाला असं सांगते. पावसाळ्यात सांगलीत सगळे विचारतात की आयर्विन पुलाला पाणी किती लागलं. ते मोजणारी यंत्रं आम्ही खंडाळ्याच्या कारखान्यात जोडतो आणि ती बरोबर मोजतात की नाही हे इथल्या मूळ कंपनीत शिकायला मी आले आहे.

परतीचं तिकीट ३० मेचं आहे. तुम्ही म्हणालात, दोन महिन्यांसाठी गेलेलं माणूस परत येत नाही, आणि तानाजीमामांच्या जयराजचं उदाहरण दिलंत, की तो दुबईला सहा महिन्यांसाठी गेला आणि आता त्याचे फोटो येतात. एका उदाहरणावरून निष्कर्ष निघत नाही, असं मी म्हणाले. त्यावर तुम्ही फोनचं वाक्य बोललात.

तिकीट बॅगेच्या आतल्या कप्प्यात आहे.

क्रांती


रेगेन्सबुर्ग
रविवार, १३ एप्रिल

आण्णा,

वहिनींचा आवाज आला. त्यांनी जे सांगितलं ते तुमच्यासमोर पुन्हा लिहिते, म्हणजे चूक असेल तर तुम्हाला दुरुस्त करता येईल.

"वन्सं, वाचलं. आण्णा उठलं न्हाईत. पाठ करून बसलं हुतं, कोकराला बाटलीनं दूध पाजत. कोकराचं पोट भरलं, ते झोपलं, तरी बाटली तशीच त्येच्या तोंडापाशी धरलेली. आय म्हणल्या, 'आवं, ते झोपलं की.' तर म्हणलं, 'झोपू दे. तू ऐक.'"

आईने विचारलं आहे की अंड्याला कप कशाला. लिंडनरबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, नाहीतर ते गडगडेल.

तळ यंदा पाटणच्या अलीकडे कोयनेकाठी पडला आहे आणि ज्यांच्या खोडवा निघालेल्या उसाच्या रानात मेंढरं खतासाठी बसवली आहेत ते लोक चांगले आहेत, असं वहिनी म्हणाल्या. म्हणजे जूनपर्यंत घरी आटपाडीला पोचायला तुम्हाला घाई करावी लागणार नाही. बरं वाटलं.

इथे रोज सकाळी घंटा वाजतात. एका देवळाची थांबली की दुसऱ्याची. पुलावर उभं राहिलं की खाली कमानीतून पाणी भोवरे करत निघतं. मी रोज पाच मिनिटं जास्त लावून तिथूनच जाते.

क्रांती

हे पुढचं पान फक्त मंगलवहिनींसाठी. मोठ्याने वाचू नका.

वहिनी, गुरुवारी इथल्या विभागप्रमुख बाईंनी बोलावलं. त्यांचा एक माणूस निवृत्त होतो आहे. त्या जागेवर मी तीन वर्षं राहावं असं त्यांना वाटतं. दोन वर्षं त्या माझं खंडाळ्यातलं काम इथून बघत होत्या, त्यामुळे हे अचानक नाही. फक्त मला अचानक वाटलं. २३ मेच्या शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचं आहे. मी "विचार करते" म्हणाले. आण्णा जे होईल म्हणाले होते तेच होऊ घातलं आहे, आणि ते सांगायला मी अजून वाक्य शोधते आहे. तोपर्यंत तुमच्याकडे राहू द्या.


रेगेन्सबुर्ग
शुक्रवार, १८ एप्रिल

आण्णा,

आज इथे सणाची सुट्टी आहे, म्हणून मध्येच लिहिते.

काल संध्याकाळी कामावरून आले. काउंटरवर लिंडनरबाईंच्या जागी एक नवीन माणूस होता. माझी किल्ली खुंटीला नव्हती. वर गेले, दार वाजवलं. एका उंच गृहस्थांनी उघडलं. आत त्यांची बायको, आणि माझ्या खुर्चीच्या पाठीवर चार ओले मोजे. नदीकाठाने सायकलवर दूरदूर जाणारे लोक इथे फार येतात, त्यातले हे.

गृहस्थ म्हणाले, "टॉवेल आणलेत का?"

मी म्हणाले, "नाही. ही माझी खोली आहे."

ते म्हणाले, "आमचीही."

खाली आले. नवीन माणसाने माझी बॅग नाव लिहून काउंटरमागे नीट ठेवलेली होती. त्याचं म्हणणं असं: सकाळी खोली झाडायला गेलो तर चादर काढलेली, रजईची घडी, त्यावर उशी, सगळं दोरीने बांधून भिंतीला लावलेलं, बॅग भरून दाराशी, आणि किल्ली काउंटरवर. निघून गेलेल्या माणसाशिवाय अशी खोली कोण ठेवतं? त्याने ती सायकलवाल्यांना दिली. सणामुळे हॉटेल भरलेलं होतं. मला त्याचा मुद्दा पटला.

लिंडनरबाई धावत आल्या. इथे रोज सकाळी मी असंच करते हे त्यांना माहीत होतं, त्यांनी कधी विचारलं नव्हतं. काल विचारलं. खोली आवडली नाही का? चोरीची भीती वाटते का? रोज सकाळी निघून जावंसं वाटतं का?

मी हे करते हे मलाच माहीत नव्हतं. पहाट झाली की अंथरूण बांधायचं, ते घोड्यावर चढलं पाहिजे. ज्याचं बांधून झालं नाही त्याला आई म्हणायची, "घोडं थांबत न्हाई कुणासाटनं." सांगलीला वसतिगृहात आम्ही सगळ्याच गाद्या गुंडाळायचो, तेव्हा कुणाला वेगळं वाटलं नाही. खंडाळ्यात मी एकटी राहते. आणि तिथल्या लोकांना माझ्या घरी शेती आहे एवढंच माहीत आहे. ते चूक नाही, अपुरं आहे.

लिंडनरबाईंना मी पूर्ण सांगितलं. मेंढरं, घोडं, वर्षातले आठ महिने दुसऱ्यांच्या रानात. बाई ऐकत राहिल्या, मग म्हणाल्या, "म्हणजे तू रोज सकाळी निघतेस आणि रोज संध्याकाळी नवीन येतेस. आणि मी तुझ्याकडून पूर्ण मुक्कामाचं भाडं घेते."

खोली शिल्लक नव्हती. माळ्यावर एक जागा आहे, छप्पर उतरतं, चादरी वाळत घालायला वापरतात. ती दोऱ्या सोडून मला दिली. डोकं एका बाजूला आपटतं, बाकी उत्तम. न्हाणीघर अजूनच लांब.

सकाळी खिडकीतून पाहिलं. नदीच्या या काठामागे उतरती टेकडी आहे, तिच्यावर पांढरं काही हळूहळू सरकत होतं. ढग असेल म्हणून बघत राहिले. ढग खाली मान घालून चरत नाही.

मेंढरं आहेत, आण्णा. कोण राखतं ते इथून दिसत नाही.

क्रांती


रेगेन्सबुर्ग
रविवार, २७ एप्रिल

आण्णा,

वहिनी म्हणतात, तुम्ही मोज्यांपाशी हसलात. मग म्हणालात, "रोज बांधती? मग ती यायची हाय. ज्येला ऱ्हायाचं असतंय ते आंथरून पसरून ठेवतंय." आणि सिद्धूदादाला सांगितलंत की परवा उगाच तिच्यावर चिडलो. यावर मी नंतर लिहीन.

आज टेकडीवर गेले.

मेंढपाळाचं नाव वाल्टर, दादाच्या वयाचा, टोपी मात्र तुमच्या वयाची. दोन कुत्री. मी जवळ गेले तर त्याने आधीच हात वर करून सांगितलं, फोटो काढायचे तर तिथूनच काढा. मी म्हणाले, फोटो नको आहेत, माझे वडील मेंढरं राखतात. त्याने माझ्या बुटांकडे बघितलं, मग हातांकडे. विश्वास बसला नसावा. तेव्हा मी तुमची हाळी दिली, पाण्यावर न्यायची असते ती, पूर्ण गळ्याने. एकाही मेंढीने मान वर केली नाही. एक कुत्रं तेवढं उठून उभं राहिलं आणि वाल्टरकडे बघायला लागलं.

वाल्टर म्हणाला, "त्यांना इथल्या बायरिश बोलीशिवाय काही कळत नाही. मलाही फारसं नाही." मग बसायला जागा केली.

मी परीक्षा देऊन शिकलेली जर्मन आणि याची जर्मन यांत बातम्यांच्या आणि आपल्या तळावरच्या बोलण्यात आहे तेवढं अंतर आहे. तरी मेंढरांबद्दल सगळं कळलं. दुसरं काही तो बोलला नाही.

मेंढरं पांढरी, अंगाने मोठी, कान आडवे, लोकर इतकी दाट की बोट आत घातलं तर कातडी लागायला वेळ लागतो. आपल्यासारखी पाय उचलून झपाझप चालत नाहीत, रेंगाळतात. तुम्हाला राग आला असता.

एक वस्तू तुम्हाला सांगायची आहे. त्याच्या काठीच्या टोकाला लोखंडाची छोटी पळी बसवलेली आहे, फावड्याच्या आकाराची. मेंढरू वाट सोडून गेलं की आपण वाकून ढेकूळ उचलून पुढ्यात टाकतो. तो वाकत नाही. पळीने माती उचलतो आणि उभ्यानेच फेकतो. नेम चांगला आहे. तुमच्या कमरेचा विचार मनात आला, म्हणून चित्र काढलं आहे, मापं बाजूला लिहिली आहेत.

क्रांती


रेगेन्सबुर्ग
रविवार, ४ मे

आण्णा,

तुमचे प्रश्न वहिनींकडून मिळाले. त्या म्हणाल्या, "वन्सं, इच्यारतात मला आन बगतात मोबाइलकडं." प्रश्न माझ्यासाठी नाहीत, वाल्टरसाठी आहेत, असं तुम्ही बजावलंत. म्हणून त्याला विचारून आले. उत्तरं त्याची आहेत.

रात्री मेंढरं वाघरीतच कोंडतात, आपल्यासारखीच जाळी, फक्त तिच्यातून वीज सोडलेली असते. मेंढरू मरत नाही. दचकतं आणि पुन्हा तिकडे जात नाही. मी हात लावून पाहिला. मीही पुन्हा लावणार नाही.

लांडगा आहे. या बाजूला अजून आला नाही, पण बोलणं सारखं त्याचंच.

खूर तासतात, वर्षातून दोनदा. लंगडी मेंढी तो पाठीवर न टाकता बुडावर बसवतो, माणसासारखी, आणि ती गप्प बसते. मी आजवर असं बघितलं नव्हतं. आईला सांगा, दिसायला ती जावळाला बसलेल्या पोरासारखी दिसते.

चराईचे पैसे तो कुणाला देत नाही. नगरपालिका त्याला देते. मेंढरं चरली नाहीत तर टेकडीवर झुडपं माजतात आणि इथली दुर्मिळ फुलं मरतात. हे मी वहिनींना आधीच कळवलं होतं. ते ऐकून तुम्ही दादाला म्हणालात म्हणे, "नगरपालिका बोलावती? हाकलत न्हाई?" मी तुमचा प्रश्न तसाच विचारला. वाल्टर म्हणाला, नगरपालिका नाही हाकलत. सायकलवाले हाकलतात.

त्याने उलट तुम्हाला विचारलं आहे की मेंढरं बसवल्याचं शेतकरी काय देतो. मी सांगितलं, धान्य देतो, कधी पैसे, आणि रान खतावतं. त्याने चघळत असलेली गवताची काडी थुंकली. मग म्हणाला, तुझ्या वडिलांचा धंदा माझ्यापेक्षा सरळ आहे.

पळीचं चित्र दादाने लोहाराला दाखवलं का? तुम्ही "पोरखेळ" म्हणालात आणि वहिनींनी कागदावर उतरवून दिलेलं चित्र टोपीत ठेवलंत, इतकंच कळलं.

लिंडनरबाईंनी सायकलवाले गेल्यावर खालची खोली परत देऊ केली. मी माळाच ठेवला. नाश्त्याला त्या आता माझं अंडं कपाबाहेर ठेवतात. ते गडगडत नाही.

क्रांती

वहिनींसाठी. तुमचा निरोप ऐकला: "ते पान माज्या पोटात दगडावानी बसलंय. आण्णा रोज म्हणत्यात, तीस तारखेला कुणीतरी मिरजेच्या टेसनावर जा. मी भाकरी थापत गप बसती. तुमी सांगा, न्हाईतर माज्या तोंडनं निसटंल." पुढच्या रविवारी सांगते. एवढा एक आठवडा भाकरीकडे बघा.


रेगेन्सबुर्ग
रविवार, ११ मे

आण्णा,

हे पत्र वहिनींनी सावकाश वाचावं.

कंपनी मला तीन वर्षं इथे ठेवायचं म्हणते. हो किंवा नाही, २३ मेपर्यंत सांगायचं आहे. मला हे एप्रिलपासून माहीत आहे, वहिनींनाही. त्यांना मी गप्प राहायला सांगितलं होतं, त्यांच्यावर रागावू नका.

तुम्ही म्हणालात, अंथरूण बांधते म्हणजे येणार. तुमचा नियम बरोबर असावा, कारण बुधवारी मी ते बांधलं नाही. ठरवून नाही. दुपारी टाकीतल्या पाण्यावर यंत्र तपासत होते तेव्हा आठवलं की रजई तशीच पसरलेली आहे आणि माझे कपडे कपाटात आहेत. हातातलं काम सोडून घरी जाऊन घडी करून यावं असं एकदा वाटलं. गेले नाही. संध्याकाळी लिंडनरबाई म्हणाल्या, "आज कुणीतरी राहतंय वर." त्यानंतर बांधलेलं नाही.

म्हणजे उत्तर काय आहे ते तुम्हाला माझ्याइतकंच कळेल. मला राहायचं आहे.

कारणं सांगते. काम मला येतं, आणि इथे ते अर्ध्यावर थांबत नाही. खंडाळ्यात मी यंत्र जोडून खोक्यात घालते. ते पुढे कोणत्या पुलाला लागलं, बरोबर बोललं का, हे मला कधी कळत नाही. इथे सकाळी मी नदी वाचते आणि संध्याकाळी माझं वाचन चुकलं की नाही ते नदी दाखवते. शिवाय मी इथे बरी आहे. हे कारण शेवटी लिहिलं, पण पहिलं आहे.

तुम्ही नको म्हणालात तर मी नाही सांगेन आणि ३० तारखेला येईन. रागाने येणार नाही. तुमचा शब्द आणि माझी इच्छा, यांत जड काय ते मला मोजता आलेलं नाही. म्हणून तुमच्याकडे पाठवते आहे.

फक्त गप्प राहू नका.

क्रांती


रेगेन्सबुर्ग
रविवार, १८ मे

आण्णा,

वहिनी म्हणाल्या: "वाचलं सगळं, सावकाश. आण्णांनी काठी घेतली आन मेंढरामागं गेलं. जेवाय आलं न्हाईत. आयनं भाकरी रानात न्हेली, ती खाल्ली, पर बोललं न्हाईत. सकाळी उठून पाटणला गेलं, कुणाला न सांगता. सांजंला आलं. कशाला गेलतं इच्यारलं तर म्हणलं, काम हुतं."

त्यानंतर निरोप नाही.

या आठवड्यात लिहिण्यासारखं फार नाही. वाल्टरने मेंढरं टेकडीच्या पलीकडच्या उतारावर नेली, माझ्या खिडकीतून दिसत नाहीत. लिंडनरबाईंनी विचारलं की तीन वर्षं राहिलीस तर हॉटेलात राहणार नाहीस ना, घर बघायला हवं. मी म्हणाले, अजून ठरलेलं नाही. त्या म्हणाल्या, कुणाचं ठरलेलं नाही, तुझं की वडिलांचं? मी म्हणाले, दोघांचं एकत्र ठरतं आमच्यात. त्यांनी मान हलवली. त्यांचा मुलगा हाम्बुर्गला असतो. त्याने त्यांना विचारलं नव्हतं, त्यांनी अडवलंही नव्हतं, आणि तो नाताळला येतो, असं त्यांनी एका दमात सांगितलं.

तुम्ही बोलला नाहीत तरी चालेल, असं इथे लिहिलं होतं. ते खरं नाही म्हणून खोडलं आहे. फोटोत दिसेल.

क्रांती


रेगेन्सबुर्ग
गुरुवार, २२ मे

आण्णा,

उद्या सकाळी सही करते.

आधी व्यवहाराचं. ३० मेचं तिकीट तसंच आहे. इथे राहायचा व्हिसा मुंबईतून घ्यावा लागतो, त्याला दोन महिने जातील. तेव्हा मिरजेच्या स्टेशनवर जो येणार असेल त्याने यावं. करारात मी एक ओळ घालून घेतली आहे: दर वर्षी जूनचे पहिले दोन आठवडे सुट्टी. विभागप्रमुख बाई म्हणाल्या, सगळे ऑगस्ट मागतात, तुला जून का? मी म्हणाले, तेव्हा आमची माणसं घरी येतात. त्यांनी लिहून घेतलं.

आता वहिनींचा निरोप. मी तो तीनदा ऐकला आणि उतरवला, कारण तुम्ही मला काही सांगितलेलं नाही. जे बोललात ते दुसऱ्यांशी बोललात. शब्द बरोबर आहेत का ते बघा.

"वन्सं, ऐका आता. काल सांजंला ह्ये म्हणलं, 'आण्णा, पावसाआधी बाजार हाय. क्रांतीच्या नावची मेंढरं काढायची का? तीन वर्सं ती तिकडं, हितं कुणाच्या नावावर पोसायची?' तुमी जलमल्यावर आण्णांनी मेंढीची एक पाट, मादी कोकरू, सोडलीती न्हवं तुमच्या नावानं, तिची आता अकरा झाल्यात. आण्णा नवी काठी घासत हुतं. व्हय, पळीची. पाटणच्या लोहाराकडं त्येच्यासाटनं गेलतं, आन दोनदा वाकडी झाली म्हणून दोनदा करून घेतली. तर काठी घासत म्हणलं, 'तिची मेंढरं कळपात ऱ्हातील.' ह्ये म्हणलं, 'पर ती गेली की.' तवा आण्णा तापलं. म्हणलं, 'कुठं गेली? नांदाय गेलीया व्हय? तळावर गेलीया. तू कोयनंवर आलास तवा तुजी मेंढरं इकली का मी?'"

आई काय म्हणाली, ते वहिनींनी हळू आवाजात सांगितलं, म्हणून लिहीत नाही.

"तेवढ्यात रानाचं मालक आलं, पृथ्वीराजदादा, फौजेतनं सुट्टीवर आल्यात ते. त्यांनी काठी हातात घिऊन बगितली, म्हणलं, 'ही कुठली नवी?' आण्णा म्हणलं, 'जर्मनीची. आमच्या पोरीनं मापं धाडली.' 'पोरगी जर्मनीत? थितं मेंढरं राखती व्हय?' त्येंनी चेष्टा केली, वन्सं, वाईट न्हाई. आण्णा हसलं न्हाईत. म्हणलं, 'न्हाई. नदी राखती.'"

माझ्या करारात माझ्या पदाचं नाव सहा शब्दांचं आहे. विभागप्रमुख बाईंना मी आज तुमचं वाक्य जर्मनमध्ये करून सांगितलं. त्या म्हणाल्या, हेच लिहायला हवं होतं.

आता मेंढरं वाघरीत कोंडून झाली असतील तुमची. इकडचं सांगते. वरच्या अंगाला डोंगरात पाऊस झाला आहे. डोनाऊ दुपारपासून चढते आहे, पण दमाने. पहाटेपर्यंत चार बोटं येईल आणि तिथेच थांबेल. काठावरच्या कुणाला उठावं लागणार नाही.

क्रांती